एक जूनची माणसं

महाराष्ट्रात सर्वांत जास्त वाढदिवस कोणत्या दिवशी असतात हे सांगायला जनगणनेची गरज नाही. १ जूनला सकाळी मोबाइल हातात घ्यावा. आमच्या मलकापुरात तर त्या दिवशी चाळिशी ओलांडलेला जो कुणी समोर येईल त्याला बेधडक ‘हॅपी बर्थडे’ म्हणावं, नेम सहसा चुकत नाही. फ्लेक्सवाल्याची मे-अखेरीला जागरणं होतात. एकाच खांबावर तीन-तीन ‘दमदार नेतृत्व’ एकमेकांच्या डोक्यावर उभी असतात. तिघांचे गॉगल वेगळे, शुभेच्छुक वेगळे, गट वेगळे. तारीख तेवढी एक. एरवी ज्यांचं कशावरच एकमत होत नाही अशी माणसं जन्माला यायच्या बाबतीत इतकी शिस्तीची कशी, असा प्रश्न परगावच्या माणसाला पडतो. गावातल्याला पडत नाही. त्याचा स्वतःचा वाढदिवस त्याच दिवशी असतो.

हा चमत्कार ग्रहताऱ्यांनी घडवलेला नाही. तो प्राथमिक शाळेतल्या गुरुजींनी घडवला. शाळा जूनमध्ये भरायची आणि त्याआधी गुरुजी पटावर पोरं गोळा करायला वाड्या-वस्त्या पालथ्या घालायचे. हा भाग आंबा घाटाच्या अलीकडचा, डोंगराळ आणि पावसाचा. गुरुजी ओटीवर टेकायचे, वही उघडायचे आणि विचारायचे, “पोरगं कवाचं?” आई आठवून सांगायची, “रोपं लावत हुतो बगा. पाऊस धरून हुता. म्हस व्याली त्याच्या दुसऱ्या दिशी.” आजी मध्येच म्हणायची, “न्हाय, त्यो थोरला. ह्यो धरणीकंपाच्या आदल्या सालचा.” हा धरणीकंप म्हणजे ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा. त्याने आमच्याकडच्या एका अख्ख्या पिढीला कॅलेंडर पुरवलं. पुढच्या पिढीला बहात्तरच्या दुष्काळाने पुरवलं. पण भूकंप आणि म्हैस या दोन्ही नोंदींना जनरल रजिस्टरात रकाना नव्हता. तिथे दिवस, महिना, साल लागायचं.

मग गुरुजी मुलाला उभं करायचे. “उजवा हात डोक्यावरनं घे आणि डावा कान धर.” कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. नाही लागला तर पुढच्या साली ये, किंवा मान जरा वाकडी कर, कारण पट भरायचा असायचा. चालू सालातून सहा वजा केले की जन्मसाल मिळालं. आणि दिवस-महिना? शाळा सुरू होताना सहा पूर्ण हवीत, म्हणून १ जून. शाई वाळली. विषय संपला. आईने सांगितलेल्या खुणा, लावणी, पाऊस, म्हैस, सगळ्या हवेत विरल्या आणि पोरगं त्याच्या खऱ्या जन्माच्या दोन-अडीच महिने आधी, कोरड्या रानात जन्माला आलं.

या गुरुजींचं कौतुक मला एका आडवळणाने कळलं. मी पोटासाठी प्रोग्रॅम लिहितो आणि त्यातला बराचसा लिस्प नावाच्या भाषेत लिहितो. ही भाषा तशी म्हातारी. जॉन मॅकार्थी यांनी ती १९५८ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये घडवायला घेतली. आज वापरात असलेल्या भाषांमध्ये तिच्याहून थोरली म्हणजे फोरट्रान. लिस्पमध्ये कंस फार. शाळेत कंसांच्या गणितात मार खाल्लेल्यांनी तिला लांबूनच नमस्कार करावा हे बरं.

पण तिची एक रीत गोड आहे. पुष्कळ ठिकाणी प्रोग्रॅम बदलायचा तर आधी तो बंद करतात, बदल करतात, मग पुन्हा सुरू करतात. लिस्पवाला तो चालूच ठेवतो. ज्या फाइलमध्ये बदल केला तेवढी चालत्या प्रोग्रॅममध्ये पुन्हा लोड करतो आणि पुढे जातो. नासाचं डीप स्पेस १ हे यान १९९९ साली पृथ्वीपासून कोट्यवधी किलोमीटरवर होतं, तेव्हा त्याच्यात चालू असलेल्या लिस्प प्रोग्रॅममधली गाठ इथे जमिनीवर बसून सोडवली होती. आमच्याकडे चौकातल्या दिव्याची वायर सोडवायला माणूस यायला किती दिवस लागतात ते सांगत नाही.

तर या पुन्हा लोड करण्यात एक गंमत आहे. समजा, फाइलमध्ये एक ओळ आहे:

(डेफव्हार *साखर* २)

साखर या नावाच्या दोन्ही बाजूंना तारे आहेत, ती लिस्पवाल्यांची पद्धत. सगळ्या प्रोग्रॅमभर चालणाऱ्या नावाला असे तारे लावतात, म्हणजे लांबून ओळखू येतं. या ओळीचा अर्थ सरळ: साखरेला अजून काही किंमत नसेल तर ती २ धर. आता नवशिक्या मुलाला वाटतं, चहा गोड होतोय, २ चा १ करू. तो फाइलमध्ये १ लिहितो, सेव्ह करतो, पुन्हा लोड करतो. चूक झाली असं मशीन म्हणत नाही. तो खुशीत साखर किती ते विचारतो. उत्तर येतं, २. तो फाइल उघडून बघतो, तिथे १ आहे. पुन्हा लोड करतो, या वेळी बटण जोरात दाबून. उत्तर २. मग त्याला संशय येतो की आपण दुसरीच फाइल उघडून बसलोय. मग संशय येतो की मशीनला व्हायरस लागलाय. शेवटी तो सगळं बंद करतो, चहा पिऊन येतो, पुन्हा सुरू करतो, आणि काय, साखर १! तेव्हापासून त्याचं मत होऊन बसतं की मशीनलाही मधूनमधून विश्रांती लागते.

मशीन दमलेलं नसतं, ते हुकमाचं पक्कं असतं. ‘आधीची किंमत नसेल तर’ या अटीवर डेफव्हार चालतं. पहिल्यांदा लोड केलं तेव्हा किंमत नव्हती, म्हणून २ बसली. दुसऱ्यांदा बघितलं तर २ बसलेली आहे, म्हणून ते तसंच पुढे गेलं. नवा आकडा १ आहे की १००, हे त्याने वाचून सोडून दिलं. ज्याला आपला आकडा दर वेळी ठोकून बसवायचाच आहे त्याच्यासाठी कॉमन लिस्पमध्ये डेफपॅरामीटर आहे. ते आधी काय होतं ते विचारत नाही. येतं, पुसतं, लिहितं.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला डेफव्हार हा आळशीपणा वाटतो. वास्तविक तो शहाणपणा आहे. मी ज्यात प्रोग्रॅम लिहितो त्या ईमॅक्स नावाच्या, लिस्पवरच चालणाऱ्या एडिटरात हजारो नावं अशी आहेत आणि वापरणाऱ्याने आपल्या आवडीप्रमाणे त्यांच्या किमती बदललेल्या असतात. अक्षर केवढं हवं, ओळ कुठे मोडायची, काय नि काय. उद्या एखादा भाग पुन्हा लोड झाला आणि त्याने सगळ्यांच्या आवडीनिवडी पुसून आपलं घोडं पुढे दामटलं, तर माणूस लॅपटॉप खिडकीतून टाकेल. म्हणून डेफव्हार वाट देतं: तुमचं काही ठरलेलं नसेल तर माझं घ्या, ठरलेलं असेल तर राहू दे.

गुरुजींनी जे केलं ते डेफव्हारच होतं. तारखेचा रकाना रिकामा होता, त्यांनी १ जून टाकला. इथवर सगळं ठीक. पुढचा भाग असा की एकदा ती तारीख बसली, मग सगळा सरकारी कारभार वर्षानुवर्षं तिच्यावरून पुन्हा पुन्हा लोड होत राहिला आणि कुणी तिला हात लावला नाही. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, नोकरीचं सेवापुस्तक, सगळीकडे ‘आधीची किंमत आहे’ म्हणून तीच पुढे. एखाद्याच्या ट्रंकेत पणजोबांच्या हातची टिपणवही सापडते, तिच्यात ‘श्रावण शुद्ध पंचमी, सोमवार’ असं लख्ख लिहिलेलं असतं. तो आनंदाने कचेरीत जातो. साहेब विचारतात, “नोकरीला लागून किती वर्षं झाली?” राज्य सरकारच्या सेवेत जन्मतारीख बदलायचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. हा गेलेला असतो पंचविसाव्या वर्षी. साहेब चहा पाजतात आणि पाठवून देतात.

आणि ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, त्याची निवृत्ती आदल्या महिन्याच्या अखेरीला. म्हणून ३१ मे हा महाराष्ट्रात सामुदायिक निवृत्तीचा दिवस. शाळा, पंचायत समिती, तहसील, सगळीकडे एकाच दिवशी शाल, श्रीफळ आणि ‘त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली आहे’. भाषणं करणारेही तेच, सत्कार घेणारेही तेच. एका दालनात निरोप घेऊन शेजारच्या दालनात निरोप द्यायला जातात. दुसऱ्या दिवशी १ जूनला सगळ्यांचा वाढदिवस असतो, पण केक कापायला ऑफिस नसतं.

या माणसांनी दोन तारखांचा संसार मात्र सुरेख सांभाळलाय. मुलीचं स्थळ आलं, जोशीबुवांपुढे बसले की जन्मतारीख श्रावणातली. पत्रिकेला खरी लागते. तिथून उठून बँकेत गेले की १ जून. पगाराला शाळेची लागते. लिस्पमध्ये याचीही सोय आहे. डेफव्हारने जाहीर केलेल्या नावाला ‘लेट’ लावून तात्पुरती दुसरी किंमत देता येते. त्या कामापुरती सगळीकडे तीच चालते, त्या कामातून जे जे पुढे बोलावलं जाईल त्यालाही तीच दिसते, आणि काम संपलं की मूळची किंमत आपोआप परत. जोशीबुवांच्या ओटीवर असेपर्यंत नागपंचमी. पायरी उतरली की १ जून. एमआयटीत ज्याचा उलगडा करायला जाडजूड पुस्तकं लिहिली ते आमचे आबा पान लावता लावता करतात.

२०१० मध्ये आधार आलं. पहिलं आधार कार्ड महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबरला दिलं गेलं. वाटलं, आता एकदा सगळं कोऱ्या पाटीवरून लिहिलं जाईल. पण ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांचं नुसतं जन्मसाल घेतलं गेलं, आणि पुढे ज्या ज्या ठिकाणी पूर्ण तारीख मागितली त्या त्या ठिकाणी सालापुढे १ जानेवारी येऊन बसली. म्हणजे शाळेत न गेलेल्या आजींचा जन्म १ जानेवारीचा आणि शाळेत गेलेल्या आजोबांचा १ जूनचा. शिक्षणाने माणसाच्या आयुष्यात पाच महिन्यांचा फरक पडतो याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरा मिळणार नाही.

डेफव्हारचा जिता नमुना बघायचा असेल तर एसटी स्टँडजवळच्या कुठल्याही हॉटेलात बसावं. तिथे चहाची एक ठरलेली चव असते, आणि ती गोड असते. कोल्हापूर जिल्हा उसाचा. साखर कमी घालणं हा इथे अपमान समजला जातो. त्या हॉटेलात रोज येणारे एक निवृत्त मास्तर आहेत. डॉक्टरांनी साखर बंद सांगितली, तेव्हा त्यांनी पोऱ्याला बजावलं, “आजपास्नं माझा बिनसाखरेचा.” पोऱ्या मान हलवून आत गेला आणि नेहमीचा घेऊन आला. मास्तरांनी घोट घेतला. “अरे, काय सांगितलं तुला?” “बिनसाखरेचा.” “मग?” “तुमचा न्हेमीचा हाय की त्यो.” पोऱ्याच्या डोक्यात मास्तर या नावाला किंमत आधीच होती. नवी सूचना त्याने ऐकली, समजून घेतली आणि बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशीही तेच. मास्तर म्हणाले, “आता आणलाच आहेस तर टाकून कशाला द्यायचा.” यात पोऱ्याचा हट्ट किती आणि मास्तरांची सोय किती, हे डॉक्टरांना कळू नये.

मग गल्ल्यावरच्या मालकांनी जाहीर केलं की हॉटेलात एकूणच साखर कमी करायची. नव्या गिऱ्हाइकांना बेताचा चहा मिळू लागला. जुन्यांचा होता तसाच राहिला, कारण त्यांचं प्रत्येकाचं स्वतंत्र ठरलेलं होतं. ईमॅक्समध्ये हेच होतं: एखाद्या नावाची डीफॉल्ट किंमत बदलली तरी ज्याची स्वतःची वेगळी किंमत आहे त्याला काही कळत नाही. शेवटी एक दिवस पोऱ्या मुंबईला गेला आणि नवीन पोऱ्या आला. त्याने मास्तरांना पहिल्यांदाच विचारलं, “कसला आणू?” मास्तर क्षणभर गप्प झाले. सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं की किंमत बदलते, ती अशी. मास्तरांनी काय सांगितलं ते मी इथे लिहीत नाही, त्यांच्या घरी हा अंक जाण्याची शक्यता आहे.

बंद न करता बदलायचा एक मार्ग ईमॅक्सने ठेवलाय. फाइल अख्खी लोड केली तर डेफव्हार ऐकत नाही, पण नेमक्या त्या ओळीवर जाऊन कंट्रोल, ऑल्ट आणि एक्स ही तीन बटणं एकदम दाबली की मुकाट नवी किंमत घेतं. हा नियम ज्याने केला तो आपल्याकडे कधी आला नसेल, पण त्याला आपली नस बरोबर सापडली. परिपत्रक काढून, लाऊडस्पीकर लावलेली रिक्षा फिरवून गावात कधी काही बदललेलं नाही. एकेकाच्या दारात जायचं, नाव घेऊन हाक मारायची, त्याच्या घरचा चहा प्यायचा आणि मग सांगायचं. मतं अशीच फिरतात. राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदलून घेतलेले लोकही गावाच्या तोंडी जुन्याच नावाने असतात. पण साठीला पोचलेल्या ‘बाळ्या’ने स्वतः कट्ट्यावर येऊन दम भरला की चार लोक चार दिवस तरी ‘बाळासाहेब’ म्हणतात.

आणखी एक आहे, डेफकॉन्स्ट. नावावरून वाटतं, ही किंमत कायमची, कुणी बदलू शकणार नाही. ईमॅक्समध्ये ती कुणीही बदलू शकतो. डेफकॉन्स्ट म्हणजे फक्त लिहिणाऱ्याची विनंती की कृपया बदलू नये. बाजारपेठेतल्या ‘येथे वाहने लावू नयेत’ या पाटीखाली गाडी लावून मी या विषयावर बराच विचार केलेला आहे.

सरकारला मात्र डेफपॅरामीटर आवडतं. आदेश काढला की जुनं पुसलं, नवं बसलं, असा त्यांचा समज. कधी कधी बसतंही. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नवे पैसे झाले. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातूनही गेलं. पण ‘चार आण्याची अक्कल नाही’ हे अजून चालतं, आणि ज्याला म्हणतात त्याला लागतंही. तोळ्याचं तर उलटंच झालं. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. दशमान पद्धत आली आणि कुठल्याही आरडाओरड्याशिवाय सराफांच्या बोलण्यात तोळा म्हणजे १० ग्रॅम होऊन गेला. आजीच्या पाटल्या तिच्या काळच्या पाच तोळ्यांच्या, म्हणजे ५८ ग्रॅमच्या वर. नातसून कोल्हापूरच्या गुजरीत जाऊन पाच तोळे करते तेव्हा ते ५० ग्रॅम भरतात. आजी हातात घेऊन म्हणते, “हलक्या वाटत्यात गं.” नातसून म्हणते, वयामुळे वाटतं. हे आपल्याकडच्या मोजक्या यशस्वी डेफपॅरामीटरांपैकी एक. कुणाला न विचारता आतली किंमत बदलली आणि वरचं नाव तसंच ठेवलं.

गावांच्या नावांत एवढं सोपं जात नाही. मुंबईचं व्हिक्टोरिया टर्मिनस १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ आलं. दोनदा लोड केलं, टॅक्सीवाला अजून विचारतो, “व्हीटी?” आमच्या जिल्ह्यात याहून गहन प्रकार झालाय. कोल्हापूर शहरात संभाजीनगर नावाचं एसटी स्टँड वर्षानुवर्षं आहे. कोल्हापूरकराच्या डोक्यात संभाजीनगर म्हणजे तेच. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. आता कुणी “संभाजीनगरला निघालोय” म्हणाला की समोरचा विचारतो, “जेवायला येशील का आठवड्यानं?” कुठल्या संभाजीनगरला ते या प्रश्नाच्या उत्तरातून कळतं.

नाव बदललं आणि एकदाच बदललं, पुन्हा कुणी जुनं घेतलं नाही, असं उदाहरणही आमच्याच तालुक्यात आहे. विशाळगडाच्या वाटेवरची घोडखिंड. जुलै १६६० मध्ये बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांचे मावळे तिथे पडले आणि ती पावनखिंड झाली. त्यासाठी शासन निर्णय निघाला नव्हता. तिकडे जाणाऱ्या कुठल्याही वडापवाल्याला घोडखिंड कुठे म्हणून विचारा, तो तुम्हाला बाहेरचा समजून भाडं वाढवून सांगेल.

लिस्पच्या जुन्या पुस्तकांत डेफव्हार कधी आणि डेफपॅरामीटर कधी याचा निवाडा असा दिलाय की जी किंमत प्रोग्रॅम चालता चालता बदलत जाणार ती डेफव्हारने मांडा. जी बदलणं म्हणजे प्रोग्रॅमच बदलणं आहे ती डेफपॅरामीटरने. आमच्या तालुक्याच्या भाषेत सांगायचं तर किंमत कुणाची ते आधी बघा. चहातली साखर गिऱ्हाइकाची आहे, हॉटेलाने ती ठरवू नये. तोळा सराफाचा नाही. जन्मतारीख ही आईची वस्तू आहे, गुरुजींना ती फक्त तात्पुरती वापरायला दिली होती. ही विचारपूस न करता कुणी डेफव्हार वापरलं तर वाट्टेल ते वर्षानुवर्षं चिकटून राहतं, आणि डेफपॅरामीटर वापरलं तर माणसाचं कष्टाने बसवलेलं पुसलं जातं. माझं मत विचाराल तर मी डेफव्हारच्या बाजूचा. चिकटून राहिलेलं निदान दिसतं तरी. पुसलं गेलेलं शोधायला ट्रंक उघडावी लागते.

आता आमच्या गावाचं. महाराष्ट्रात मलकापूर एक नाही. एक बुलढाणा जिल्ह्यात, भुसावळ-नागपूर लोहमार्गावर, ते स्टेशनवालं. एक साताऱ्यात, कऱ्हाडला खेटून, पुणे-बंगळूर महामार्गावर; ते चोवीस तास नळाला पाणी देऊन नावाजलेलं. आणि एक आमचं, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर. एके काळी विशाळगडकर पंत प्रतिनिधींचं राहतं ठिकाण. आमच्याकडे रेल्वे नाही, आणि पाण्याचं म्हणाल तर ते जूनपासून आभाळातूनच चोवीस तास असतं. बाकी जगाच्या डोक्यात मात्र मलकापूर ही किंमत कधीच बसून गेलीय आणि ती बुलढाण्याची आहे. कोल्हापूरच्या स्टेशनवर मलकापूरचं तिकीट मागा, कुणी चकित होत नाही. गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस त्याच वाटेने जाते. माणूस अर्धा महाराष्ट्र पालथा घालून दुसऱ्या दिवशी तिथे पोचेल. आमचं मलकापूर त्याच स्टेशनपासून एसटीने दीड तासाच्या आत-बाहेर. एसटीचं आगारही दोन्ही मलकापुरांत आहे, म्हणजे तिथेही खात्री नाही.

लग्नाचे पाहुणे, ऑनलाइन मागवलेले मिक्सर आणि एकदा तर वाजंत्रीवाल्यांचा एक ताफा असे सगळे तिकडे जाऊन आलेत. त्यांची चूक नाही. नुसतं ‘मलकापूर’ लिहिलं की समोरचा, मग तो माणूस असो की मशीन, आधीपासून बसलेली किंमत घेतो आणि पुढे जातो. कितीही वेळा पाठवा, कितीही मोठ्या अक्षरात लिहा. त्यावर लिस्पने शिकवलेला उपाय एकच, नेमक्या त्या ओळीवर जाऊन सांगणे. तेव्हा वाचकहो, पत्रिका, पार्सल किंवा पाहुणा यांपैकी काहीही आमच्याकडे पाठवणार असाल तर गावाच्या नावापुढे तालुका शाहूवाडी, जिल्हा कोल्हापूर एवढं लिहायला विसरू नका. आणि पाहुणा असेल तर त्याला फोन करूनही सांगा.